दाढेतली चांदी

महिन्यातून एकदा आमची दवाखान्याची बोट
चिलोएच्या या बेटाला लागते,
आणि शिडीवर पहिला पाय असतो रोसामेल मिल्यालोंकोचा.
वय एकाहत्तर. धंदा : होड्यांच्या भेगा बुजवणं.
टोपी मांडीवर, तोंडाला माटेच्या चहाचा वास,
माटेत अर्थातच तीन चमचे साखर.

'खालची उजवी,' तो म्हणतो.
'गार पाणी लागलं की
तळाची फळी सुटल्यासारखं होतं.'

मी आरसा आत घालते.
एकोणऐंशी सालची चांदी,
काळवंडलेली, एका कडेने उचकटलेली.
कडेखाली, वरचं कवच तसंच ठेवून,
कीड आत आत गेलेली.

'दिसला किडा?'
किडा नसतो हो, जंतू असतात,
ते साखर खातात, आम्ल सोडतात, दात विरघळतो…
'आमच्या लाकडात असतो,' तो मला मध्येच तोडतो,
'बाहेर टाचणीएवढं भोक, आत बोगदेच बोगदे.
वरून रंग देऊन होडी खपवणारे
मी चांगले ओळखतो.'

मग मी पाठ केलेलं म्हणते :
सोनं. जन्मभर टिकेल,
पण ते ना या बोटीत, ना तुमच्या खिशात.
पाऱ्यात कालवलेली चांदी. दणकट,
पण ती आता आम्ही आणत नाही.
काचेचं सिमेंट बाहेरच्या पोरांसाठी,
यंत्राशिवाय, हाताने खरवडून भरते मी ते,
रडू कमी येतं.
तुमच्यासाठी दाताच्या रंगाचं, थरावर थर,
प्रत्येक थराला निळा उजेड.
अट एकच, जागा कोरडी हवी.
लाळेचा एक थेंब आणि पकड गेली.

'कोरडी!' तो खिडकीबाहेर बघून हसतो.
बाहेर सकाळपासून धार लागलेली.

मग गप्प. टोपी फिरवतो बोटांवर.
'ही राहू दे ना, बाई.
एदुविनानं डुक्कर विकून भरून दिली होती.
तीन दिवस माझ्याकडे बघून विचारायची,
दुखतंय का अजून, दुखतंय का.'

मी काय बोलणार.
हातात सुई, आणि बोट हलकेच डुलते आहे.
तोच म्हणतो,
'कुजकी फळी ठेवून वरून भेग भरणारा
कारागीर नव्हे, चोर.'
आणि स्वतःच आ करतो.

चांदी दोन तुकड्यांत निघाली.
त्याने हात पुढे केला.
देता येत नाही, पारा असतो, मी म्हटलं,
बंद बरणीतच जाते ती.
बरणी मात्र त्याच्या हाती दिली.
त्याने ती उजेडाकडे धरली. पुष्कळ वेळ.
'एवढीशी?' बधिर जिभेनं म्हणाला,
'मला डुकराएवढी वाटायची.'

खरवडलं, धुतलं, कापसाने वाळवलं.
थर. उजेड. थर. उजेड.
'वाजवून बघ,' तो म्हणाला,
'आलेर्सेच्या सालीचा काथ्या ठोकून बसवला
की आम्ही हातोडी मारतो. भरीव वाजलं पाहिजे.'
आरशाच्या दांड्याने मी टिचकी मारली.
डोळे मिटून ऐकलं त्याने.
'पुन्हा.'
मारली.
तेव्हा कुठे मान हलली.
मग निळा कागद : चावा, घासा.
एक ठिपका गडद उमटला, तो मी झिजवला,
मग अजून एक, जो मला दिसलाच नव्हता,
पण त्याने बोट ठेवून दाखवला.

भूल उतरेपर्यंत माटे नको, मी बजावलं.
हो हो, म्हणत तो शिडी उतरला.

हात धुताना खिडकीतून पाहिलं तर
धक्क्यावर उभा, नळी डाव्या गालात.
चालता चालता थबकला,
आमच्या बोटीच्या कुशीवर बोटांच्या पेरांनी टकटक केलं.
कान लावला.
दोन पावलं पुढे, पुन्हा टकटक.
मग मान वर करून, वाकड्या ओठांनी,
कप्तानाला हाक मारली :
'खालची उजवी!'